भगर बाधते तेव्हा

पोट बिघडलं की आमच्या कासारवाडीत पहिला सल्ला मिळतो तो सलाईनचा. ‘दोन बाटल्या लावून घ्या, संध्याकाळी चालायला लागाल.’ सांगणाऱ्याच्या मनात वाईट काही नसतं. भोसरी-चाकणच्या कंपन्यांत कंत्राटावर जाणाऱ्याला संध्याकाळी चालायला लागणं भागच असतं, खाडा पडला की पगार कापला. पण जो शुद्धीवर आहे आणि घोटघोट का होईना पिऊ शकतो, त्याला बहुतेक वेळा सलाईन लागतच नाही. नवरात्रात सासूबाई आणि मी एकदमच आडव्या झालो, तेव्हा हे स्वतःच अनुभवलं.

उपासाची भगर आणि दाण्याची आमटी. भगर सुटी आणलेली. दुकान कुठलं ते राहू दे. जेवून दोन-तीन तास झाले नसतील, आधी गरगरलं, हातांना कापरं भरलं, मग उलट्या, मग जुलाब. आमचे हे सेकंड शिफ्टला चाकणला. घरात कर्ता पुरुष म्हणजे अकरावीतला मुलगा.

भगर बाधणं महाराष्ट्राला नवं नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये बुलढाणा जिल्ह्यातल्या लोणार तालुक्यात, सोमठाण्याला हरिनाम सप्ताहात एकादशीच्या भगर-आमटीच्या प्रसादातून शेकडो लोकांना विषबाधा झाली. दवाखान्यात जागा पुरेना, म्हणून माणसं उघड्यावर जमिनीवर निजवली आणि झाडांना दोऱ्या बांधून त्यांवर सलाईनच्या बाटल्या टांगल्या. ते फोटो आपण सगळ्यांनी पाहिलेत. भगरीला ओल लागली की बुरशी धरते, आणि बुरशीनं सोडलेलं विष शिजवूनही सहसा जात नाही. पीठ तर ओल आणखी पटकन ओढतं. म्हणून अन्न व औषध प्रशासन दर उपासाच्या हंगामात सांगतं की पाकीटबंद, तारीख असलेली भगर घ्या, सुटं पीठ घेऊ नका.

आता पाण्याचं. १९७१ मध्ये बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या, पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या छावणीत कॉलरा पसरला आणि सलाईन संपत आलं. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचं पाणी पिंपांत कालवून नातेवाइकांच्याच हातांनी रोग्यांना पाजायला लावलं. शंभरातले वीस-तीस दगावत होते, ते चारांच्या खाली आले. त्यामागचं कारण साधं आहे. आतडं बिघडलं तरी साखर आणि मीठ एकत्र आलं की ते दोन्ही शोषून घेतं, आणि त्यांच्यामागून पाणीही आत जातं. नुसतं पाणी तितकं जात नाही. साखर जास्त झाली तर उलटंच होतं, आतड्यात पाणी ओढलं जातं आणि जुलाब वाढतात. कोल्ड्रिंक आणि डब्यातले सरबती रस म्हणूनच नकोत. हेच मीठ-साखरेचं पाणी म्हणजे ओआरएस. ऑक्टोबर २०२५ मध्ये एफएसएसएआयने, म्हणजे देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने, गोड पेयांच्या नावात ‘ओआरएस’ हा शब्द वापरायलाच बंदी घातली. ओआरएसचं पाकीट घेताना त्यावर जागतिक आरोग्य संघटनेचं सूत्र लिहिलेलं आहे का, ते बघावं.

मुलानं पाकीट आणलं आणि अर्धं ग्लासात ओतायला निघाला. बहुतेक घरांत असंच होतं. मोठं पाकीट पूर्ण एक लिटरला असतं. एक लिटरची रिकामी बाटली काठोकाठ भरायची, पाणी पातेल्यात ओतायचं, त्यात अख्खं पाकीट टाकून ढवळायचं, आणि चोवीस तासांत संपलं नाही तर ओतून द्यायचं. पाकीट नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. चव अश्रूंपेक्षा खारट लागली तर मीठ जास्त पडलंय.

उलटी झाल्यावर लगेच ग्लास तोंडाला लावू नये, तो तसाच बाहेर येतो. दहा मिनिटं थांबायचं, मग दर मिनिट-दोन मिनिटांनी एक चमचा. हे फार कंटाळवाणं काम आहे. सासूबाई चिडून म्हणाल्या, ‘अगं, चिमणीला पाजतेस का?’ पण पोटात तेवढंच टिकत होतं. पाणी पुरतंय की नाही हे लघवी सांगते. ती फिकट आणि वेळच्या वेळी होत असेल तर गाडी रुळावर आहे.

सासूबाईंना शुगर आणि बीपी. साखरेचं पाणी द्यायचं कसं, हा प्रश्न प्रत्येक घरात अडतो. ओआरएसच्या अख्ख्या लिटरमध्ये ग्लुकोज साडेतेरा ग्रॅमच असतं, ते द्यावं. फक्त शुगर तपासत राहावी. खरी काळजी गोळ्यांची. बीपीसाठी लघवी वाढवणारी गोळी असते, ती अंगातलं पाणी आणखी काढते. शुगरच्या काही गोळ्याही अशा वेळी चालत नाहीत. आम्ही रात्रीच डॉक्टरांना फोन केला, त्यांनी दोन गोळ्या थांबवायला सांगितल्या. आपल्या मनानं थांबवू नयेत, पण विचारल्याशिवाय देऊही नयेत.

मेडिकलवाला जुलाब थांबवायची गोळी आणि एक अँटिबायोटिक देत होता. ताप असेल किंवा शौचात रक्त असेल तर जुलाब दाबायची गोळी घातक ठरू शकते. आणि अँटिबायोटिक जंतू मारतं, बुरशीच्या विषावर त्याचा काय उपयोग? शेजारच्या पिंपरीत १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स निघाली, पेनिसिलीन बनवायला, तेही बुरशीपासूनच. एक बुरशी औषध देते, दुसरी लोळवते.

आजारपणात पाणी वापरायलाही जास्त लागतं, आणि आमच्या पिंपरी-चिंचवडला २०१९ पासून दिवसाआड पाणी. नेमका कोरडा दिवस असेल तर संडासाला आणि हात धुवायला पाणी आधी काढून ठेवा, भांडी पडू देत. जुलाब जंतूंचे असतील तर घरभर पसरतात ते हातांवाटेच.

भूक लागली की पेज, मऊ भात, मुगाची पातळ खिचडी, केळं, ताजं ताक. मोठ्या माणसांना दूध काही दिवस नको, दुखावलेल्या आतड्याला ते अनेकदा झेपत नाही.

घरी थांबायचं नाही अशी लक्षणं मात्र तोंडपाठ हवीत. चमचाभरही टिकत नाही, सहा-आठ तास लघवी नाही, उठताना डोळ्यांपुढे अंधारी, शौचात रक्त, खूप ताप, बरळणं किंवा गुंगी. तान्हं मूल, गर्भार बाई आणि म्हातारं माणूस असेल तर याच्याही आधी निघायचं. आम्हाला पालिकेचं वायसीएम रुग्णालय जवळ, पण रात्री रिक्षा शोधत बसू नये, रुग्णवाहिकेसाठी १०८ लावावा. तिथं सलाईन लावलं तर ते योग्यच.

बरं वाटल्यावरही दोन-तीन आठवडे पायांकडे लक्ष असू द्या. जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात सिंहगड रस्त्याच्या भागात जीबीएसची, म्हणजे नसांवर घाला घालणाऱ्या गियाँ-बारे सिंड्रोमची, साथ आली, तेव्हा अनेकांना आधी जुलाबच झाले होते. कॅम्पिलोबॅक्टर नावाचा जंतू त्यात सापडला. मुंग्या येऊन पायांतली ताकद जायला लागली, जिना चढवेना, तर तो अशक्तपणा समजून बसू नका, त्याच दिवशी दाखवा.

आणि उरलेली भगर रागानं कचऱ्यात टाकू नका. ती पिशवीत बांधून, तारीख लिहून वेगळी ठेवा, बिल असेल तर तेही. अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार करायची तर दाखवायला काहीतरी हातात लागतं. आमच्या ह्यांनी शिफ्टवरून आल्या आल्या पहिलं काम तेच केलं.