कुपन वाटा, पण हिशोब मांडून!



मागच्या काही अंकांत आपण मालाचा भाव कसा ठरवायचा, वेष्टन कसं करायचं हे पाहिलं. या वेळचा पाठ आहे गिऱ्हाईक जोडण्याचा. एमआयडीसी, साखर कारखाना, सूतगिरणी किंवा वीटभट्ट्यांच्या जवळ ज्यांची गावं आहेत, त्यांनी तो नीट वाचावा आणि गटाच्या बैठकीत मोठ्याने वाचून दाखवावा. पोळी-भाजीचा डबा, नाश्ता, चहा, चटण्या-लोणची, मसाले, किराणा, कपडे शिवणं, यातलं काहीही तुमचा गट करत असला तरी हा पाठ उपयोगी पडेल.

कामगार हे गिऱ्हाईक वेगळं कसं?

कामगाराचा दिवस पाळीवर चालतो. पाळी सुटली की पंधरा-वीस मिनिटांत गेटवरची गर्दी पांगते. पगार बहुतेक ठिकाणी महिन्याच्या सात ते दहा तारखेच्या आसपास होतो, म्हणून दहा तारखेला हात सैल असतो आणि पंचविशीनंतर आखडतो. साप्ताहिक सुट्टीही सगळीकडे रविवारीच असते असं नाही. पिंपरी-चिंचवड भागातल्या पुष्कळ कारखान्यांना गुरुवारी सुट्टी असते. आपल्या जवळच्या कारखान्याची सुट्टी आणि पगाराची तारीख आपल्याला माहीत नसेल, तर कुपन छापायच्या आधी ती विचारून घ्या.

दुसरी गोष्ट, कामगार एकटा येत नाही. एकाच खोलीत चार-पाच जण राहतात, एकाच बसने जातात, एकत्र जेवतात. एकाला चव आवडली तर खोली तुमची. एकाला फसवल्यासारखं वाटलं तर संध्याकाळपर्यंत सगळ्या लाइनला कळतं. म्हणूनच कामगारांमध्ये जाहिरातीपेक्षा नाव मोठं. कुपन हे ते नाव कमावण्याचं साधन आहे, नुसता भाव पाडायचं नाही.

आणि हो, कामगार म्हणजे फक्त पुरुष नव्हेत. कंपनीत पॅकिंगला जाणाऱ्या बायका पाळी करून घरी येतात आणि पुन्हा चुलीपुढे उभ्या राहतात. त्यांना भरलेला डबा नको असतो, पण दहा तयार पोळ्या हव्या असतात. त्यांच्यासाठी पोळ्यांचं वेगळं कुपन काढून बघा.

ही युक्ती जुनीच आहे

इंग्लंडात मँचेस्टरजवळ रॉचडेल नावाचं गाव आहे. तिथल्या विणकरांनी आणि इतर कारागिरांनी थोडे थोडे पैसे साठवून डिसेंबर १८४४ मध्ये स्वतःचं दुकान उघडलं. पीठ, लोणी, साखर, मेणबत्त्या असा मोजकाच माल होता. भेसळ करायची नाही, माप चोख द्यायचं आणि नफा सभासदांना त्यांच्या खरेदीच्या प्रमाणात परत द्यायचा, हे त्यांचे नियम. जो जास्त घेईल त्याला जास्त परतावा. पुढे अनेक सहकारी दुकानांत खरेदी किती झाली याची खूण म्हणून धातूचे बिल्ले देऊ लागले. आजच्या शिक्के मारायच्या कार्डाचा हा पूर्वज म्हणायला हरकत नाही. त्या बिल्ल्याला किंमत होती, कारण मागे माप खरं होतं.

आपल्याकडचं उदाहरण तर घरचंच. मुंबईच्या गिरणगावात गावाकडून एकट्याने आलेल्या गिरणी कामगारांना खानावळवाल्या बायका जेवू घालत. हिशोब महिन्याचा, पैसे पगाराला. तोवर किराणा भरायला या बायकांना सावकाराकडे जावं लागे. १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी अशा बायकांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं आणि त्यांना बँकेचं कर्ज मिळवून देण्याची वाट काढली. जानेवारी १९८२ मध्ये गिरण्यांचा संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगारांचा पगार थांबला. पगारच नाही तर खानावळीचे पैसे कुठून येणार? यातून आपण दोन गोष्टी शिकायच्या. सगळी गिऱ्हाइकं एकाच गेटवरची नकोत, आणि सगळा धंदा उधारीवर नको.

कुपनाचे तीन प्रकार

१. सवलतीचं कुपन. "हे कुपन आणा, डब्यावर १० रुपये कमी." नवीन गिऱ्हाइकाला एकदा चव दाखवण्यासाठी.

२. शिक्क्याचं कार्ड. दहा डबे घेतले की अकरावा मोफत. आलेलं गिऱ्हाईक टिकवण्यासाठी.

३. कुपनांचं पुस्तक. खानावळीत असतं तसं. पैसे आगाऊ, रोज एक कुपन फाडायचं. उधारी टाळण्यासाठी.

आता गणित मांडू

आकडे उदाहरणापुरते घेतले आहेत. वहीत तुमचे स्वतःचे आकडे टाका.

समजा डबा ६० रुपयांना विकतो. किराणा-भाजी २६ रुपये, गॅस ४, पॅकिंग ३, आणि आपली मजुरी ९. एकूण खर्च ४२. उरतात १८ रुपये. इथे ताईंनो, मजुरी धरायला विसरू नका. आपण घरच्याच बायका म्हणून मजुरी शून्य धरली, तर सवलत गटाच्या नफ्यातून जात नाही, तुमच्या कमरेतून जाते.

आता १० रुपयांची ५०० कुपनं काढली. एका कागदावर दहा बसवली, पन्नास कागद, दोन रुपयांप्रमाणे १०० रुपये झेरॉक्सचे. त्यातली ८० परत आली. कुपनावरच्या प्रत्येक डब्यामागे आता ८ रुपयेच उरतात. ८० गुणिले ८ म्हणजे ६४०. छपाईचे १०० वजा केले की राहिले ५४०.

नीट बघा. या ८० जणांत ३० जुनेच गिऱ्हाईक होते असं समजू. कुपन नसतं तरी ते आलेच असते आणि १८ रुपयांप्रमाणे त्यांच्याकडून ५४० रुपये मिळालेच असते. म्हणजे कुपनाच्या दिवशी कमाई जेवढ्यास तेवढी! मिळालं काय, तर ५० नवी माणसं एकदा दारात आली.

त्या ५० पैकी १५ जणांना चव आवडली आणि पुढच्या महिन्यात प्रत्येकाने १२ दिवस डबा घेतला, तर १५ गुणिले १२ म्हणजे १८० डबे, आणि १८ रुपयांप्रमाणे ३,२४० रुपये. कुपनाची खरी कमाई ही. एकही परत आला नाही तर ५० डबे जास्त लाटले आणि गटाच्या हातात वरचं काही उरलं नाही.

आणि सगळी ८० कुपनं जुन्या गिऱ्हाइकांनीच वापरली असती तर? १,४४० रुपयांच्या जागी ५४० मिळाले असते. ९०० रुपये गेले. म्हणून सवलतीचं कुपन आपल्या टपरीच्या काउंटरवर ठेवायचं नाही, जिथे आपलं गिऱ्हाईक अजून नाही तिथे वाटायचं. जुन्यासाठी शिक्क्याचं कार्ड.

कार्डाचं गणित असं. दहा डब्यांचे १८० रुपये सुटले, अकराव्याचा खर्च ४२ गेला, राहिले १३८. त्याऐवजी सरसकट भाव ५५ केला असता तर अकरा डब्यांचे १४३ राहिले असते. फरक पाचच रुपयांचा. मग कार्ड कशाला? कारण एकदा उतरवलेला भाव पुन्हा चढवला की कुरकुर होते. कार्ड मात्र मुदत संपली की बंद करता येतं, आणि सातवा शिक्का पडलेला माणूस आठव्यासाठी आपल्याकडेच येतो.

आगाऊ पैसे म्हणजे आपलं देणं

पुस्तकात २५ डब्यांच्या पैशात, म्हणजे १,५०० रुपयांत, २६ कुपनं देता येतील. पण एकदम पैसे हातात आले की ते आपलेच वाटायला लागतात. तसं नाही. न फाडलेलं प्रत्येक कुपन हे गटाच्या डोक्यावरचं देणं आहे. वीस जणांनी पुस्तकं घेतली तर ३०,००० रुपये जमतील, आणि ५२० डबे घालायची जबाबदारीही येईल. हे पैसे वेगळ्या डब्यात किंवा खात्यात ठेवा. रोज जेवढी कुपनं फाटली तेवढेच पैसे धंद्याच्या गल्ल्यात घ्या. यातून कर्जाचा हप्ता भरू नका, कुणाला अंतर्गत कर्ज देऊ नका.

मध्येच जत्रा, लग्नसराई, आजारपण आलं आणि तीन दिवस डबा बंद राहिला, तर न मागता तारीख वाढवून द्या. कामगार काम सोडून गावी निघाला तर हिशोब करून उरलेले पैसे परत करा. दहा डबे खाल्ले असतील तर ६०० कापून ९०० द्या. जाणारा माणूस त्याच्या जागी येणाऱ्याला तुमचं नाव सांगून जातो.

कुपनावर काय लिहायचं?

गटाचं नाव आणि ठिकाण, वेळ, नेमकी सवलत, शेवटची तारीख, "एका वेळी एकच" ही अट, आणि अनुक्रमांक. परप्रांतातले कामगार असतील तर खाली दोन ओळी हिंदीत. झेरॉक्सवर झेरॉक्स निघू नये म्हणून गटाचा शिक्का रंगीत शाईत आणि एका ताईची सही.

अनुक्रमांकाच्या आधी एक अक्षर घाला. गेटवर वाटली ती "ग", चहाच्या टपरीवर ठेवली ती "च", खोल्यांच्या लाइनीत दिली ती "ख". परत आलेली कुपनं रोज रात्री अक्षराप्रमाणे मोजून वहीत लिहा. "ख" ची वीस आली आणि "ग" ची दोनच, तर पुढच्या वेळी गेटवर उभं राहण्यात पाय दुखवू नका. परत आलेल्या कुपनावर लगेच फुली मारा, नाहीतर तेच कुपन दुसऱ्यांदा फिरेल. वाटताना सुरक्षारक्षकाला विचारा, गेटच्या बाहेर उभ्या राहा, आणि दोघी मिळून जा.

नाव राखायचे नियम

कुपनवाल्याच्या डब्यात भाजी कमी घालायची नाही. आधी भाव ७० करायचा आणि मग १० कमी केले म्हणायचं, हे करायचं नाही. कुपनावर तारीख आहे तोवर "आज कुपन चालत नाही" म्हणायचं नाही. नव्वद डबे करायची ताकद असेल तर पाचशे कुपनं एका दिवशी वाटू नका, चार आठवड्यांत वाटा. गर्दीत डबा संपलाच, तर त्याच कुपनावर उद्याची तारीख घालून सही करा.

"भाग्यवान सोडत काढू, कुकर देऊ" असं कुणी सुचवेल. टाळा. माल खपवण्यासाठी सोडती काढण्यावर ग्राहक संरक्षण कायद्यात बंधनं आहेत, आणि ज्याला कुकर मिळत नाही तो नाराज होतो. तयार खाद्यपदार्थ विकत असाल तर अन्नसुरक्षेची नोंदणी आधी करून घ्या.

आणखी एक महत्त्वाचं. एखादा ठेकेदार म्हणेल, "तुमची कुपनं मला द्या, मी पोरांच्या पगारातून कापतो" किंवा "पगाराऐवजी कुपनंच देतो." स्पष्ट नाही म्हणा. मजुरी पैशातच द्यावी लागते, असा आपल्या देशाचा कायदा आहे. इंग्लंडात मालक मजुरीच्या बदली आपल्याच दुकानाचा माल घ्यायला लावत, ते थांबवायला १८३१ मध्ये कायदा करावा लागला होता. ठेकेदाराला स्वतःच्या खिशातून पुस्तकं विकत घेऊन कामगारांना वर भेट द्यायची असेल, तर जरूर द्या. कुपन ही कामगाराच्या मर्जीची गोष्ट आहे. ज्या दिवशी त्याला ते सक्तीने घ्यावं लागेल, त्या दिवशी तुमच्या डब्याची चवही त्याला कडू लागेल.

बैठकीत करायचा अभ्यास

१. आपल्या मालाच्या एका नगाचा खर्च मजुरीसह काढा. किती उरतात?

२. त्यातले किती रुपये सोडले तरी पदरचे जाणार नाहीत, ते ठरवा.

३. जवळच्या तीन ठिकाणांची पाळी सुटायची वेळ, पगाराची तारीख आणि सुट्टीचा वार लिहून आणा. ही जबाबदारी तिघींनी वाटून घ्या.

४. पहिल्यांदा १०० च कुपनं काढा, मुदत पंधरा दिवसांची ठेवा. वहीत चार रकाने आखा: तारीख, अक्षर, जुनं की नवं गिऱ्हाईक, पुन्हा आलं का?

५. पंधरा दिवसांनी वही उघडून बघा. "किती कुपनं आली" याआधी "कुपनाशिवाय कोण परत आलं" हे मोजा.

तुमच्या वहीतला हिशोब सीआरपी ताईंकडे द्या. इतर गटांनाही त्याचा उपयोग होईल.