क्वचितच दिसलेल्या दोषाविषयी

चिरंजीव श्रीधर यास,

तुझे पत्र पोचले. रुग्णाच्या शिरेत ठराविक वेगाने औषध सोडणाऱ्या ज्या पंपाच्या नियंत्रकावर तू काम करीत आहेस, तो चाचणीच्या काळात दोन-तीनदा आपणहून रीसेट झाला, आणि तसे पुन्हा घडवून पाहण्याचे सर्व यत्न फोल ठरल्यामुळे वीजपुरवठ्यातील क्षणिक बिघाड अशी नोंद करून प्रकरण दाखलदप्तर करण्याचे तुझ्या वरिष्ठांनी योजिले आहे, असे तू लिहितोस. तुझे मन त्यास राजी नाही, याचा मला आनंद वाटला. त्या मनाला युक्तिवादाचे बळ मिळावे म्हणून जरा विस्ताराने लिहितो.

सामान्य आज्ञावलीत उत्तर बरोबर की चूक एवढेच पाहावयाचे असते. परंतु रिअल-टाइम कर्नलवर चालणाऱ्या कामात मुदत टळल्यानंतर आलेले बरोबर उत्तरही चूकच ठरते, आणि म्हणून सरासरी वेळ किती लागतो या प्रश्नाला तेथे फारसा अर्थ उरत नाही. अत्यंत प्रतिकूल योग जुळून आला असता किती वेळ लागेल, हाच खरा प्रश्न. असे योग क्वचितच जुळतात. त्यामुळे या क्षेत्रातील गंभीर दोष स्वभावतःच दुर्मिळ असतात, आणि जो दोष वारंवार दिसत नाही तो क्षुल्लक, हा इतरत्र चालून जाणारा न्याय येथे घातक ठरतो.

अमेरिकेचे पाथफाइंडर यान ४ जुलै १९९७ रोजी मंगळावर उतरले आणि पुढे थोड्याच दिवसांत, हवामानाची मोजमापे सुरू झाल्यावर, त्याचा संगणक मधूनमधून रीसेट होऊ लागला. प्रत्येक रीसेटबरोबर त्या दिवसाचे उरलेले काम दुसऱ्या दिवसावर जाई. संगणकावर व्हीएक्सवर्क्स हा कर्नल होता. यानातील माहितीच्या बसची व्यवस्था पाहणारे उच्च प्राधान्याचे एक टास्क सेकंदाच्या आठव्या हिश्श्यात आपली फेरी पुरी करण्यास बांधलेले होते. हवामानाचे टास्क कनिष्ठ होते. आणि दोघांनाही एकच म्यूटेक्स लागे. तो म्यूटेक्स कनिष्ठाने घेतला असता मध्यम प्राधान्याची टास्के त्यास बाजूला सारून प्रोसेसर बळकावीत, आणि ज्याचे काम सर्वांत निकडीचे ते टास्क, ज्यांचा या म्यूटेक्सशी काडीचाही संबंध नव्हता अशांच्या पायी, खोळंबून राही. ज्या शिक्क्यावाचून मामलेदाराचा हुकूम निघत नाही तो कनिष्ठ कारकुनापाशी असावा आणि अव्वल कारकुनांनी त्यालाच इतर कामांना जुंपून ठेवावे, तसा हा प्रकार. फेरी अपुरी राहिल्याचे पुढच्या फेरीच्या आरंभी उघडकीस येई, आणि यंत्रणा स्वसंरक्षणार्थ रीसेट होई.

ही प्राधान्याची उलटापालट तेव्हा अज्ञात नव्हती. वरिष्ठ टास्क खोळंबले असता त्याचे प्राधान्य म्यूटेक्स धरून बसलेल्या कनिष्ठास तेवढ्यापुरते बहाल करावे, हा वारशाचा तोडगा शा, राजकुमार आणि लेहोच्की यांनी १९९० साली प्रसिद्ध झालेल्या निबंधात गणिताने सिद्ध करून मांडला होता, व्हीएक्सवर्क्समध्ये त्याची सोयही होती. त्या एका म्यूटेक्सपुरती ती बंद होती, एवढेच. आणि तुझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची गोष्ट ही की, हा रीसेट उड्डाणापूर्वीच्या चाचण्यांतही दिसला होता. तो पुन्हा घडवता आला नाही, आणि सर्वांचे लक्ष यान सुखरूप उतरविण्याकडे लागलेले असल्यामुळे त्याचा छडा लावणे तसेच राहून गेले. घटनांची नोंद ठेवणारी साधने यानाच्या अभियंत्यांनी आज्ञावलीतून काढून टाकली नव्हती, म्हणूनच पृथ्वीवरच्या जुळ्या यंत्रणेवर तोच प्रसंग घडवून कारण शोधता आले आणि दुरुस्ती मंगळावर धाडता आली. तुझ्या पंपाला अशी दुसरी संधी मिळेलच असे नाही.

तुमचा कर्नल फ्रीआरटीओएस आहे असे तू लिहितोस, तेव्हा प्रथम हे पाहा: त्यातील म्यूटेक्सला प्राधान्याचा वारसा आहे, बायनरी सेमाफोरला नाही; दोन्ही वापरावयास सारखेच वाटतात आणि कित्येकदा घाईत एकाच्या जागी दुसरा येऊन बसतो. कॉर्टेक्स-एम प्रोसेसरवर इंटरप्टचा आकडा जितका लहान तितके त्याचे प्राधान्य मोठे, आणि टास्कांच्या बाबतीत नेमके याच्या उलट. तेही एकवार तपासून घे. प्रत्येक टास्काचा स्टॅक कमाल किती भरतो हे मोजून पाहा. संशय आला म्हणून जागोजाग छपाईच्या ओळी घालू नकोस, कारण त्यांनी वेळेचे गणित बदलते आणि दोष लपतो. त्याऐवजी, रीसेटनंतर शून्य न होणारा मेमरीचा एक भाग राखून त्यात टास्कबदलांची अखेरची नोंद आणि सोबत रीसेटचे कारण सांगणाऱ्या रजिस्टरातील मूल्य टिपून ठेवण्याची तजवीज कर. आणि विलंबाची एखादी ओळ घातल्याने रीसेट थांबला, तर ती दुरुस्ती मानू नकोस.

वरिष्ठांशी वाद घालताना आवाज चढवू नकोस. त्यांच्यावर मुदतीचे ओझे आहे, याची जाण ठेव. परंतु वीजपुरवठ्याचा दोष असे म्हणावयाचे तर तो पुरवठा मोजून दाखविला पाहिजे, हा आग्रह सोडू नकोस, आणि कारण हाती येईपर्यंत प्रकरण दाखलदप्तर करण्याच्या कागदावर सही करू नकोस. टास्कबदलांची नोंद हाती येताच तिची एक प्रत माझ्याकडे धाडून दे. कळावे.

तुझा
मामा