तुंगनाथच्या वाटेवर मोनाल बघायचा असेल तर

उत्तराखंडातला तुंगनाथ-चंद्रशिला ट्रेक करून येणारे बरेच ट्रेकर मोनाल या पक्ष्याच्या अगदी जवळून जातात आणि त्यांना पत्ताही लागत नाही. डोळे रंग शोधत असतात ना! फोटोत पाहिलेलं हिरवं डोकं, तांबूस मान, निळे-जांभळे पंख. पण ही झळाळी पिसांच्या बारीक रचनेवर ऊन पडलं तरच उमटते. सावलीत किंवा ढगाळ हवेत नर चक्क काळा दिसतो. तेव्हा शोधायचा तो मान खाली घालून उतार उकरणारा, कोंबड्याहून थोराड, काळा पक्षी. एवढं मनात पक्कं करूनच निघा.

जायचं एप्रिल-मे महिन्यांत. विणीचा हंगाम सुरू झालेला असतो, नर शीळ घालतात आणि पक्षी जंगलाच्या वरच्या हद्दीवर आलेले असतात. कडक थंडीत ते खाली झाडीत उतरतात, तिथे दिसणं कठीण. आदल्या दिवशी दुपारपर्यंत चोपत्याला पोहोचा, तिथूनच तुंगनाथची वाट सुरू होते. ते सुमारे 2,680 मीटर उंचीवर आहे. ऋषिकेशहून थेट येऊन लगेच चढायला लागलात तर विरळ हवेने डोकं धरेल आणि पक्ष्याकडे लक्ष लागणार नाही. कपडे मातकट किंवा शेवाळी रंगाचे घाला. दुर्बीण आठपट मोठं दाखवणारी पुरे, पण ती गळ्यात हवी, सॅकमध्ये नव्हे.

पहाटे अंधारातच निघा. तुंगनाथचं मंदिर उघडल्यानंतरच्या दिवसांत यात्रेकरू आणि खेचरं सुरू झाली की पक्षी वाटेपासून दूर सरकतात. चोपता ते तुंगनाथ वाट साडेतीन-चार किलोमीटरची, फरसबंदी आणि सोपी. पण घाईने वर जायचं नाही. खरसू (ओक) आणि बुरांश (रोडोडेंड्रॉन) यांची झाडी जिथे विरळ होते आणि बुग्याल, म्हणजे गवताळ कुरण, सुरू होतं, तो काठ गाठा आणि तिथे बसा. बोलणं बंद, मोबाइल मुका. ‘हर हर महादेव’ची गर्जना मंदिरापाशी पोहोचल्यावर करा.

आता आधी कान लावा. मोनालची शीळ लांब, चढत जाणारी आणि कातर असते, दरीपलीकडूनही ऐकू येते. आवाजाची दिशा कळली की तो उतार दुर्बिणीने डावीकडून उजवीकडे, पट्ट्यापट्ट्याने बघा. खडकांच्या बुडाशी आणि बर्फ नुकतं वितळलेल्या ओल्या जागी जास्त वेळ थांबा. तिथे गवत उपटून माती भुरभुरलेले खळगे दिसले तर पक्षी आसपास वावरतोय. मोनाल पायांपेक्षा चोचीनेच जास्त उकरतो. त्याची वरची चोच लांब आणि वाकडी असते. ती मातीत खुपसून तो कंद, मुळं, अळ्या काढतो आणि पुष्कळ वेळ एकाच खळग्यापाशी रमतो. या वेळी त्याला नीट बघून घ्या.

शक्य असेल तर सूर्य तुमच्या पाठीशी येईल अशी जागा धरा. पक्षी वळला की काळ्या पाठीवरून हिरवा, मग तांब्याचा, मग जांभळा रंग सरकत जातो, डोक्यावरचा तुरा थरथरतो. मोराच्या तुऱ्यासारखीच या तुऱ्याच्या पिसांची टोकं पसरट असतात.

मादीला विसरू नका. ती तपकिरी, ठिपकेदार असते आणि गवतात सहज हरवते. पांढरा गळा आणि डोळ्याभोवतीची निळी त्वचा या दोन खुणांवर ती ओळखता येते. कोवळे नरही पहिल्या वर्षी मादीसारखेच दिसतात.

जवळ जायचा मोह झालाच तर सरळ चालून जाऊ नका. तिरके, थांबत थांबत सरका, नजर दुसरीकडे ठेवा. त्याने उकरणं थांबवून मान ताठ केली की तिथेच थबका. पुढे गेलात तर तो कर्कश शिट्ट्या मारत उताराखाली झेप घेईल. तेव्हा पाठीवरचा पांढरा पट्टा आणि दालचिनी रंगाची शेपटी लख्ख दिसते खरी, पण त्यासाठी पक्षी उडवणं अजिबात योग्य नाही. रेकॉर्ड केलेली शीळ वाजवूनही त्याला बोलावू नका. विणीच्या दिवसांत नर दुसरा नर आला समजून खाणं सोडून धावतो.

वाटेत पडलेलं पीस उचलू नका. हिमाचलात टोपीत तुरा खोवण्यासाठी एके काळी कितीतरी नर मारले गेले. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीतला हा पक्षी आहे, त्याचं पीस जवळ बाळगणंही गुन्हा ठरतो.