मोटर जळाली? आधी बघा, कुठं जळाली

कराडात माझं रिवाइंडिंगचं दुकान आहे. कृष्णा-कोयनाकाठच्या उसावरच्या मोटरी पाटणपासून इस्लामपूरपर्यंतच्या येतात. मोटर टेबलावर ठेवताना मालकाचं म्हणणं ठरलेलं असतं, ‘व्होल्टेज कमी होतं, त्यानं गेली.’ मी मान हलवतो आणि झाकण काढतो. आतल्या कॉइलच सांगतात काय झालं ते.

सगळ्या कॉइल सारख्याच काळ्या पडल्या असतील, तर मोटर ओव्हरलोडनं तापत तापत गेली. दोन फेजच्या काळ्या आणि तिसऱ्याच्या कोऱ्या करकरीत असतील, तर मोटर स्टारमध्ये चालत असताना एक फेज गेला. एकाच फेजच्या कोळसा आणि बाकी दोन्हीच्या शाबूत, तर डेल्टात फेज गेला. तेव्हा एकाच वायंडिंगवर बहुतेक भार येतो, उरलेली दोन सिरीजमध्ये जातात म्हणून वाचतात.

वाळवा तालुक्यातल्या एका बागायतदाराची १० एचपीची मोटर एकाच हंगामात पुन्हा आली. कॉइल सगळ्या सारख्या काळ्या. साहजिकच दोष माझ्या तारेवर. नवी कॉइल भरून मी टाँग टेस्टर घेऊन थेट विहिरीवर गेलो. स्टार्टर उघडला तर स्टारवरून डेल्टावर नेणारा टायमर गेलेला. मोटर सुरू व्हायची स्टारमध्ये आणि रात्रभर स्टारमध्येच राहायची. आवाज नेहमीसारखा, पाणी थोडं कमी. रात्रीच्या पाळीला ते बघतंय कोण!

पण मग ओव्हरलोड रिले पडला का नाही? खरी गोम इथंच होती. पाटीवर १४ अँपिअर लिहिलेले, म्हणून वायरमननं रिलेही १४ वरच लावलेला. पाटीवरचा आकडा लाइनचा असतो. स्टार-डेल्टा स्टार्टरमध्ये रिले बहुधा मेन कॉन्टॅक्टरच्या खाली, म्हणजे वायंडिंगच्या वाटेत बसतो, आणि तिथून डेल्टात लाइनच्या फक्त ५८ टक्के करंट जातो. तेव्हा १४ ला रिले ८ च्या आसपास हवा. या मोटरीच्या वायंडिंगमधून १२ जात होते, आणि रिलेच्या हिशेबानं सगळं आलबेल.

स्टारमध्ये वायंडिंगवर ४१५ ऐवजी २४० व्होल्ट येतात. चालू होतानाचा झटका त्यामुळं एक तृतीयांशावर येतो, पण जोरही तेवढाच उरतो. हा जोर व्होल्टेजच्या वर्गाप्रमाणं घटतो. लाइन ३५० वर आली की तो चौथ्या हिश्श्याच्या आत जातो. मग मोटर पुरता वेग घेत नाही, टायमर मात्र वेळ झाली की डेल्टा मारतो, आणि जो झटका टाळायचा तोच बसतो. अँपिअर मीटरचा काटा खाली येऊन स्थिरावला की मगच डेल्टा पडावा, असा टायमर लावावा.

सहा टोकांची जोडणी करताना यू१ ला डब्ल्यू२, व्ही१ ला यू२, डब्ल्यू१ ला व्ही२ हे पाठच हवं. स्टार्टरकडून यू२, व्ही२, डब्ल्यू२ ला येणाऱ्या वायरांत दोनची अदलाबदल झाली, तर एका वायंडिंगची दोन्ही टोकं एकाच फेजवर येतात आणि ते मेल्यासारखं राहतं. बाकी दोन त्याच दोन फेजवर ओढली जातात. स्टारमध्ये मोटर छान उचलते, डेल्टा पडताच घुरघुरते. असा आवाज आला की बंद करा, पुन्हा बटण दाबून ‘बघतो काय होतंय’ म्हणू नका. आणि स्टार व डेल्टाच्या कॉन्टॅक्टरमधला इंटरलॉक ‘अडकतोय’ म्हणून काढणाऱ्यांना तर काय म्हणावं! दोन्ही एकदम ओढले की तिन्ही फेज शॉर्ट.

छोट्या, ३ एचपीपर्यंतच्या मोटरी बहुतेक स्टारमध्येच जोडलेल्या असतात. पाटीवर वायची खूण असताना कुणी जोर वाढवायला डेल्टा केला, तर २४० च्या वायंडिंगवर ४१५ बसतात. ती मोटर जळायला रात्र लागत नाही.

रात्रीच्या पाळीला ऑटो लावणार असाल, तर सिंगल फेजिंग प्रिव्हेंटर आधी. आणि एका डीपीवरच्या सगळ्यांनी मिळून ऑटोचा उशीर पुढं-मागं लावून घ्यावा. लाइट येताच सगळ्यांच्या मोटरी एकदम उठल्या की व्होल्टेज खरंच कमी होतं.