दोष शोधा, मग दुरुस्त करा

मुलांनो, समजा, तुमचे घर हातकणंगल्याला आहे. तुमचे चाचा रोज मोटारसायकलवरून इचलकरंजीला यंत्रमागाच्या कारखान्यात जातात. रात्री पाळी संपली की त्याच रस्त्याने घरी येतात. ऊस गाळपाचा हंगाम सुरू आहे. उसाने भरलेल्या ट्रॉल्या आणि बैलगाड्या रस्त्याने चालल्या आहेत. त्यांतल्या कित्येकांना मागे दिवाही नसतो. अशा वेळी चाचांच्या गाडीचा दिवा विझला तर काय होईल?

चाचांची गाडी एके दिवशी सुरूच होईना. स्टार्टरचे बटण दाबले की नुसता ‘टक् टक्’ आवाज येई. त्यांनी नवी बॅटरी आणून बसवली. चार दिवस गाडी छान चालली. पाचव्या दिवशी पुन्हा तोच आवाज! चाचा म्हणाले, “ही बॅटरीही खराब निघाली!” खरेच तसे असेल का? त्यासाठी आधी बॅटरीचे काम समजून घेऊ या.

शिसे आणि आम्ल यांची, पुन्हा पुन्हा भरता येणारी बॅटरी १८५९ मध्ये गॅस्तों प्लांते या फ्रेंच शास्त्रज्ञाने तयार केली. आज बहुतेक मोटारसायकलींत १२ व्होल्टची बॅटरी असते. तिच्यात सहा घट असतात. पूर्ण भरलेल्या प्रत्येक घटाचा दाब सुमारे २.१ व्होल्ट असतो. सहा घटांचे मिळून किती झाले? १२.६ व्होल्ट.

बॅटरी ही पाण्याच्या टाकीसारखी असते. टाकी पाणी साठवते, पण ते वर चढवतो पंप. पंप बंद असेल, तर नवी टाकी बसवूनही ती थोड्याच वेळात रिकामी होईल. गाडीतही असेच घडते. इंजिनाबरोबर चुंबक फिरते आणि तारेच्या वेटोळ्यात वीज तयार होते. ही वीज सतत दिशा बदलते. बॅटरीला मात्र एकाच दिशेने वाहणारी वीज लागते. तो बदल रेक्टिफायर करतो. दाब प्रमाणात ठेवण्याचे काम रेग्युलेटरचे. हा आपला ‘पंप’!

आता बॅटरी कशी बदलतात ते पाहा. हे काम मोठ्या माणसांच्या सोबतीनेच करा. गाडी बंद करून किल्ली काढून घ्या. आधी मायनसची तार सोडवा, मग प्लसची. नवी बॅटरी बसवताना आधी प्लस जोडा, मग मायनस. असे का? मायनसची तार गाडीच्या लोखंडी सांगाड्याला जोडलेली असते. ती जोडलेली असताना प्लसवरचा पाना सांगाड्याला लागला, तर मोठी ठिणगी उडते. तारा उलट्या जोडल्या, तर फ्यूज जातो आणि रेक्टिफायरही जळू शकतो. बॅटरीजवळ काडी किंवा बिडी पेटवू नका, कारण बॅटरी भरताना तिच्यातून पेट घेणारा वायू निघू शकतो. आम्ल अंगावर सांडले, तर ती जागा भरपूर पाण्याने धुवा. डोळ्यांत गेले, तर डोळे बराच वेळ पाण्याने धुवा आणि लगेच डॉक्टरांकडे जा.

बॅटरी बदलूनही बिघाड राहिला, तर सोप्या गोष्टीपासून शोध सुरू करा.

पहिली गोष्ट, तारांची टोके. ती सैल आहेत का? त्यांवर पांढरा किंवा हिरवट थर आहे का? थर साफ करून स्क्रू घट्ट करा. सांगाड्याला जोडलेले मायनसचे टोकही तपासा.

दुसरी गोष्ट, फ्यूज. दिवा, हॉर्न, इंडिकेटर सगळेच बंद असेल, तर आधी फ्यूज पाहा. फ्यूज गेला असेल, तर तेवढ्याच ॲम्पिअरचा नवा बसवा. त्याच्या जागी साधी तार कधीही गुंडाळू नका. तसे केले, तर फ्यूजऐवजी गाडीचे वायरिंग जळेल. नवा फ्यूजही लगेच गेला, तर कुठेतरी तार सोलून सांगाड्याला लागली आहे असे समजा. हँडल वळते तिथल्या तारा नीट पाहा.

तिसरी गोष्ट, चार्जिंग. इंजिन बंद असताना बॅटरीला मीटर लावा. मग इंजिन सुरू करा आणि थोडी रेस द्या. आकडा साधारण १३.५ ते १४.५ व्होल्टपर्यंत चढला पाहिजे. तो चढलाच नाही, तर बॅटरी भरत नाही. तो १५ च्या वर गेला, तर रेग्युलेटर बिघडला असण्याचा संभव असतो. अशा वेळी बॅटरीचे पाणी आटते आणि बल्ब उडतात.

चाचांनी मीटर लावला. आकडा १२ वरून पुढे सरकेना. मिस्त्रींनी रेक्टिफायरची जोडणी उघडली. ती सैल होऊन काळी पडली होती. त्यांनी ती बदलली आणि बॅटरी चार्ज करून दिली. आकडा १४ वर गेला. म्हणजे नवी बॅटरी चांगली होती. कदाचित जुनीही चांगलीच असेल!

जुनी बॅटरी खरोखर निकामी झाली, तर ती विकणाऱ्या दुकानदारालाच परत द्या. शिसे विषारी असते. ते विहिरीच्या पाण्यात किंवा शेतात जाता कामा नये. त्यासाठी भारतात २००१ मध्ये नियम झाले आणि २०२२ मध्ये त्यांच्या जागी नवे नियम आले.

मुलांनो, ‘दुरुस्त’ हा शब्द तुमच्या उर्दूतही आहे. त्याचा अर्थ बरोबर, योग्य. वस्तू बदलली म्हणजे दुरुस्ती झाली असे नाही. चूक कुठे आहे ते सापडले, तरच ती दुरुस्त होते.

शब्दार्थ
पाळी – कामाची ठरलेली वेळ
आम्ल – तेजाब
वेटोळे – गोल गुंडाळलेली तार
सांगाडा – गाडीचा मूळ लोखंडी भाग
निकामी – उपयोगात न येणारे

स्वाध्याय
१. बॅटरी काढताना आधी कोणती तार सोडवावी? का?
२. लेखकाने बॅटरीला पाण्याच्या टाकीची उपमा का दिली आहे?
३. ‘घट्ट’ आणि ‘चांगला’ या शब्दांचे विरुद्धार्थी शब्द लिहा.
४. मराठीत आणि उर्दूत आढळणारे पाच शब्द लिहा व त्यांचा वाक्यांत उपयोग करा.