चौथ्या उद्गाराविषयी

चि. बाळास,


उत्तम शुक्रवारच्या उपासनेत वधस्तंभावरचा चौथा उद्गार, ‘माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?’, तुझ्या वाट्याला आला. बडे उपदेशक तो हळूच दुसऱ्याकडे सरकवतात, हे तुला कळलंच असेल!

मसुदा वाचला. येशूने बाविसाव्या स्तोत्राची सुरुवात उच्चारली, त्या स्तोत्राचा शेवट स्तुतीत होतो, म्हणून टाहो खरा नव्हताच, असं तू दुसऱ्याच परिच्छेदात उरकलंस. मत्तय आणि मार्क स्तुतीपर्यंत जात नाहीत. मार्कच्या वधस्तंभावर तर येशूचे दुसरे शब्दच नाहीत. तिथे थांब.

जर्मन ईश्वरविज्ञानी युर्गेन मोल्टमानचं नुसतं नाव घेऊन पुढे गेलास, ते बरं नाही. जुलै 1943 मध्ये हॅम्बुर्गवर बाँब पडत होते तेव्हा तो सतरा वर्षांचा होता, विमानविरोधी तोफेवर. शेजारचा मित्र डोळ्यांदेखत गेला. पुढे स्कॉटलंडमध्ये युद्धकैदी असताना हाती बायबल आलं, आणि मार्कमधल्या या आरोळीत त्याला आपलं दुःख जाणणारा भेटला. 1972 च्या ‘द क्रुसिफाइड गॉड’ या पुस्तकामागे हे सगळं आहे. पुत्र मरण सोसतो, पिता पुत्राचं मरण सोसतो, आणि त्या दुराव्यातही पवित्र आत्म्याने दोघे एक राहतात, असं तो मांडतो. पिताच क्रूसावर मेला ही शिकवण मंडळीने फार पूर्वी नाकारली. मोल्टमान तिकडे जात नाही.

डोरोथे झ्योले या जर्मन विदुषीचा मोल्टमानवरचा आक्षेप मात्र चुकवू नकोस. पुत्राला स्वतःहून मरणाच्या हवाली करणारा पिता क्रूर ठरत नाही का, असं तिने विचारलं. मला तो प्रश्न रास्त वाटतो. म्हणून ‘पित्याने तोंड फिरवलं’ हे तुझं वाक्य काढून टाक. मार्कात ते नाही. उलट तू ज्या स्तोत्राचा आधार घेतोस, त्याच्या चोविसाव्या वचनात देवाने पीडिताला आपलं मुख लपवलं नाही असं आहे. पुत्राने एकटेपण खरोखर भोगलं आणि पिता त्याचा वैरी झाला नाही, दोन्ही सांग. सांधा जुळला नाही तरी चालेल.

समोरच्या बाकांवर कुणी नुकतंच लेकरू पुरून आलेलं असेल. मसुद्यातलं त्रैक्याचं दीड पान त्यांच्यासमोर वाचू नकोस. ते गुरुजींच्या परीक्षेला ठेव. दहा मिनिटांत आटप. उकाडा असतो आणि तुझ्यानंतर अजून तिघे बोलायचे आहेत. सुधारलेला मसुदा झावळ्यांच्या रविवारआधी पाठव.

तुझा,
मामा