पेरा, दावण आणि बाजारभाव



"राज्यात सोयाबीनचे क्षेत्र वाढले", "ज्वारीचा पेरा घटला", "दूध उत्पादनात वाढ", "भावात घसरण" अशा बातम्या वर्तमानपत्रात येतात. आपण मथळा वाचतो आणि पान उलटतो. पण हे लाख हेक्टर कोणी मोजले? हे लाख टन दूध कोणी मापले? आणि आपल्या घनसावंगीच्या रानाशी, घरच्या दावणीशी त्यांचा काही संबंध आहे का? आहे, आणि चांगला जवळचा आहे. तो कसा ते आज पाहू.

आधी मापे पक्की करू, नाहीतर पुढचे सगळे डोक्यावरून जाईल. चाळीस गुंठ्यांचा एक एकर. साधारण अडीच एकरांचा एक हेक्टर (नेमके सांगायचे तर २.४७ एकर). शंभर किलोंचा एक क्विंटल आणि दहा क्विंटलांचा एक टन. बातमीत "एक लाख हेक्टर" असे आले की मनात "अडीच लाख एकर" म्हणावे, म्हणजे अंदाज येतो.

आता हे आकडे येतात कुठून? तर आपल्या घरच्या पत्र्याच्या पेटीत ठेवलेल्या सातबाऱ्यातून! सातबारा म्हणजे गाव नमुना सात आणि गाव नमुना बारा. सातमध्ये जमीन कोणाची ते लिहिलेले असते. बारामध्ये त्या जमिनीत कोणत्या हंगामात कोणते पीक किती क्षेत्रावर होते ते लिहिलेले असते. पूर्वी तलाठी शिवारात फिरून किंवा चावडीवर बसून ही नोंद करीत. २०२१ पासून राज्यात ई-पीक पाहणी सुरू झाली. आता शेतकरी स्वतः बांधावर उभे राहून मोबाइलवर पिकाचा फोटो काढतो आणि नोंद करतो. गावाची बेरीज तालुक्यात जाते, तालुक्याची जिल्ह्यात, जिल्ह्याची राज्यात. म्हणजे राज्याच्या आकड्यात आपल्या वडिलांच्या दोन एकरांचाही वाटा असतो बरं का. रानात कापूस आणि नोंद सोयाबीनची, असे झाले तर राज्याचा आकडा तेवढा खोटा ठरतो. शिवाय हमीभावाने माल घालताना आणि पीकविम्याच्या वेळी घोळ होतो तो वेगळाच. पालकांनी हे जरूर ध्यानात घ्यावे. मुलांना मोबाइल येतो, त्यांची मदत घ्या.

पेरा कळला, पण पीक किती आले हे कसे कळते? त्यासाठी पीक कापणी प्रयोग करतात. काही शेते चिठ्ठ्या टाकल्यासारखी निवडायची. शेतात ठरावीक मापाचा चौकोन आखायचा. तेवढ्यातलेच पीक कापून, मळून, वजन करायचे. त्यावरून हेक्टरी उतारा काढतात. गावाची पैसेवारीही पिकाच्या अशाच अंदाजावर ठरते. म्हातारी माणसे अजून "आणेवारी" म्हणतात, कारण पूर्वी सोळा आण्यांचा रुपया होता. पैसेवारी पन्नास पैशांच्या आत आली की दुष्काळी सवलतींचा विचार होतो. एवढ्याशा चौकोनावर साऱ्या गावाचे भवितव्य, म्हणून तो आखताना गावकऱ्यांनी हजर राहिलेले बरे.

आता महाराष्ट्राचा पेरा पाहू. घरात आजोबा-आजी असतील तर त्यांना विचारा, तुमच्या वेळी रानात काय होते? ते सांगतील ज्वारी, बाजरी, कापूस, तूर, मूग, उडीद, करडई, जवस. आकडेही तेच सांगतात. १९८०-८१ साली महाराष्ट्रात खरीप आणि रब्बी मिळून सुमारे ६५ लाख हेक्टरांवर ज्वारी होती. त्या काळी राज्यातले सगळ्यात मोठे पीक तेच. २०००-०१ मध्ये हा आकडा ५१ लाखांच्या आसपास आला आणि २०१०-११ मध्ये ४० लाखांच्या. त्यानंतरही तो खाली खालीच गेला. सोयाबीनचे अगदी उलटे झाले. १९८० च्या सुमारास आपल्याकडे त्याचे नावही फारसे कोणाला ठाऊक नव्हते. २०००-०१ मध्ये ते ११ लाख हेक्टरांवर पोचले आणि २०२३ च्या खरिपात ५० लाखांच्या घरात गेले. देशात सोयाबीन म्हटले की मध्य प्रदेश आणि महाराष्ट्र हीच दोन नावे पुढे येतात.

असे का झाले? ज्वारी वाईट आहे म्हणून नव्हे. खरिपाची हायब्रीड ज्वारी कणसात असताना पाऊस लागला की दाणा काळा पडतो, मग तिला कोण विचारतो? राखणीला माणूस हवा, पाखरे हाकायला माणूस हवा, काढायला आणि खुडायला माणसे हवीत. आता एवढी माणसे मिळत नाहीत. त्यातून रेशनवर गहू-तांदूळ मिळू लागले, ताटातली भाकरी कमी झाली. सोयाबीन मात्र शंभर-एकशे दहा दिवसांत निघते, मळणीयंत्रात घातले की पोत्यात पडते, दिवाळीच्या तोंडावर हातात पैसा येतो आणि रान हरभऱ्याला मोकळे होते. शेतकऱ्याने हिशोब केला आणि पीक बदलले. त्यात त्याचे काय चुकले?

कापसाची गोष्ट आपल्या जिल्ह्याला अधिक जवळची आहे. जगातला पहिला व्यापारी संकरित कापूस, एच-४, १९७० मध्ये गुजरातेत सुरतेला डॉ. सी. टी. पटेल यांनी तयार केला. बियाण्याचा मोठा धंदा मात्र आपल्या जालन्यात वाढला. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ मध्ये तेथे महिको ही बियाणे कंपनी काढली. १९९८ मध्ये त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. २००२ मध्ये बीटी कापसाला परवानगी मिळाली आणि राज्यातला कापसाचा पेरा वाढत चाळीस लाख हेक्टरांच्या आसपास गेला. क्षेत्रात महाराष्ट्र देशात पहिला, पण हेक्टरी उताऱ्यात बराच मागे! कारण आपला बहुतेक कापूस पावसावर अवलंबून. २०१७ मध्ये गुलाबी बोंडअळीने फार नुकसान केले आणि अनेकांनी पऱ्हाटी सोडून सोयाबीन धरले. वेचणीची मजुरी हेही एक कारण आहेच.

आपल्या तालुक्याचा थोडा भाग मात्र या गोष्टीपेक्षा निराळा आहे. पैठणला जायकवाडी धरणाची पायाभरणी १९६५ मध्ये लालबहादूर शास्त्री यांच्या हस्ते झाली आणि १९७६ मध्ये इंदिरा गांधी यांनी धरणाचे उद्घाटन केले. त्याचा डावा कालवा अंबड, घनसावंगी, परतूर या बाजूने परभणीकडे जातो. कालव्याच्या आणि गोदावरीच्या पट्ट्यात ऊस आला, तीर्थपुरीला कारखाना आला. राज्यात १९८०-८१ मध्ये अडीच लाख हेक्टरांच्या आसपास असलेला ऊस पुढे दहा लाखांच्या वर गेला. कालव्यापासून दूर असलेल्यांनी विहिरीवर मोसंबी लावली. जालन्याच्या मोसंबीला भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. पण २०१२-१३ च्या दुष्काळात हजारो हेक्टर बागा वाळल्या, लोकांनी उभी झाडे तोडून जळणाला घातली. पाणी असेल तर बाग, नाहीतर सरपण.

आता दावणीकडे येऊ. ज्वारी कमी झाली म्हणजे केवळ भाकरी कमी झाली असे नाही, कडबा कमी झाला. ज्वारीचे पीक म्हणजे दाणा माणसाला आणि कडबा जनावराला, असे दुहेरी. सोयाबीनचे भुसकट जनावर नाइलाजाने खाते, त्याला कडब्याची सर नाही. उसाच्या पट्ट्यात गळीत हंगामात वाढे मिळते, पण ते चार-पाच महिने. मग बैलजोडी विकून ट्रॅक्टर भाड्याने लावणे सोपे वाटू लागले. पशुगणना दर पाच वर्षांनी व्हावी असा नियम आहे. २०१२ च्या गणनेत महाराष्ट्रात सुमारे १ कोटी ५५ लाख गाई-बैल होते. २०१९ च्या गणनेत ते १ कोटी ४० लाखांवर आले. सात वर्षांत पंधरा लाखांची घट!

मग दूध वाढले कसे? हे कोडे चांगले आहे. जनावरे घटली ती मुख्यतः गावरान आणि बैल. त्यांच्या जागी संकरित गाई आल्या. गावरान गाय घरापुरते दूध देते, चांगली सांभाळलेली संकरित गाय दिवसाला दहा-पंधरा लिटर देते. २०२३-२४ मध्ये देशात सुमारे २३ कोटी ९३ लाख टन दूध झाले. त्यात महाराष्ट्राचा वाटा शंभरात पावणेसातच्या आसपास, म्हणजे दीड कोटी टनांहून थोडा जास्त. उत्तर प्रदेश, राजस्थान, मध्य प्रदेश आणि गुजरात यांच्यामागे आपला पाचवा क्रमांक. (हे आकडेही नमुन्याने काढतात. उन्हाळा, पावसाळा आणि हिवाळा या तिन्ही ऋतूंत निवडलेल्या गावांतल्या जनावरांचे दूध मापतात.) पण राज्याचे बहुतेक दूध अहिल्यानगर, पुणे, सोलापूर, कोल्हापूर, सांगली या बाजूला निघते. मराठवाड्याचा वाटा लहान. देवणी आणि लाल कंधारी या आपल्या मराठवाड्याच्या नामांकित जाती, पण लाल कंधारी ओळखली जाते ती कामाच्या बैलांसाठीच.

डेअरीवर तुम्ही किटली घेऊन जाता तेव्हा दुधाला भाव कसा लागतो ते पाहिले का? फॅट आणि डिग्री पाहतात. गाईच्या दुधाचा जाहीर दर ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ या प्रतीला असतो. एसएनएफ म्हणजे स्निग्धांश सोडून उरलेले घन पदार्थ. त्याखाली गेले की पॉइंटाला ठरलेली कपात. म्हणून छापलेला दर आणि हातात पडलेला दर यांत फरक पडतो. दुधाला पिकांसारखा केंद्राचा हमीभाव नाही. दूध पावडर आणि लोणी यांचे भाव जगात पडले की इथला खरेदी दर पडतो. २०२४ च्या सुरुवातीला असेच झाले, तेव्हा राज्य सरकारने गाईच्या दुधाला लिटरमागे ५ रुपये अनुदान दिले. सरकी पेंडीचा भाव मात्र दुधाबरोबर खाली येत नाही, ही खरी अडचण.

पेंडीवरून आठवले. शंभर किलो कापूस पिंजला तर साधारण ३४ किलो रुई निघते, बाकी बहुतेक सरकी. सरकीचे तेल आणि पेंड. शंभर किलो सोयाबीनमधून जेमतेम १८ किलो तेल निघते आणि ८० किलोंच्या आसपास पेंड. ती पेंड मुख्यतः कोंबड्या खातात. म्हणजे घनसावंगीच्या सोयाबीनचा भाव थोडाफार कोंबड्यांच्या हाती आहे! हसू नका. २०२१ च्या उन्हाळ्यात सोयाबीन चढत चढत काही बाजारांत दहा हजारांच्या वर गेले. पेंड परवडेना म्हणून कोंबडीपालकांनी ओरड केली. ऑगस्टमध्ये केंद्राने १२ लाख टन पेंड बाहेरून आणायला परवानगी दिली. आपला माल आला ऑक्टोबरात, तोवर भाव उतरलेला. ब्राझील आणि अर्जेंटिना हे देश आपल्या कित्येक पट सोयाबीन पिकवतात, आणि भारत निम्म्याहून जास्त खाद्यतेल परदेशातून आणतो. म्हणून तिकडचा पाऊस आणि इकडचा आयात कर या दोन्हींचा परिणाम आपल्या बाजार समितीतल्या लिलावावर होतो. कापसाचे तसेच. २०२१-२२ च्या हंगामात कापूस दहा हजारांच्या वर गेला. पुढच्या वर्षी तसाच भाव येईल म्हणून पुष्कळांनी घरात गंजी लावल्या, आणि भाव आला नाही.

हमीभाव केंद्र सरकार ठरवते. सोयाबीनचा २०२४-२५ साठी क्विंटलला ४,८९२ रुपये होता, २०२५-२६ साठी ५,३२८ रुपये. मध्यम धाग्याच्या कापसाचा २०२५-२६ साठी ७,७१० आणि लांब धाग्याचा ८,११० रुपये. पण भाव जाहीर होणे आणि त्या भावाने माल जाणे या दोन गोष्टी आहेत. केंद्रावर आधी नोंदणी लागते, सातबाऱ्यावर पेरा लागतो, माल वाळलेला लागतो. सोयाबीनमध्ये ओलावा १२ टक्क्यांच्या आत हवा. (२०२४ च्या हंगामात ही अट १५ टक्क्यांपर्यंत सैल केली होती.) ज्याला उधारी भागवायची घाई असते तो थांबू शकत नाही.

एक गणित करा. एका एकरात ८ क्विंटल सोयाबीन झाले. हमीभाव ४,८९२ रुपये होता, समजा व्यापाऱ्याने ४,२०० रुपयांनी घेतले. क्विंटलला फरक ६९२ रुपये, आठ क्विंटलांना ५,५३६ रुपये. पुढच्या पेरणीच्या खताच्या तीन-चार बॅगा तरी यात येतात.

वर्तमानपत्रात भाव वाचताना तीन रकाने असतात: कमीत कमी, जास्तीत जास्त आणि सर्वसाधारण. आपण बहुधा जास्तीत जास्त वाचतो आणि "एवढा भाव असताना आपल्याला का कमी?" म्हणून चिडतो. तो भाव कधी कधी दोन-चार पोत्यांनाच मिळालेला असतो. बराच माल सर्वसाधारण भावाने जातो. शेजारी आवक लिहिलेली असते, तीही पाहावी. आवक वाढली आणि भाव उतरला असे दिवाळीच्या आधी नेहमी दिसते.

पुढील अंकासाठी काम: घरचा सातबारा घेऊन (मोठ्यांना विचारून) गेल्या खरिपात कोणते पीक किती गुंठ्यांत होते ते लिहून आणा. ज्वारी किती घरांत पेरली, दावणीला किती गाई, म्हशी, बैल आहेत, तेही. सगळ्यांच्या चिठ्ठ्या एकत्र करून वर्गाचा पेरा काढू आणि या फलकावर लावू. ज्यांच्या घरी जमीन नाही त्यांनी कापूस वेचणीचा किलोमागे दर काय होता तो विचारून आणावा. तो आकडा सातबाऱ्यावर कुठेच नसतो.